विश्लेषण : ३० ग्रॅमच्या पाखरासाठी किनाऱ्यावरची गावे महोत्सव का भरवतात?

अमेरिकेतील अलास्का राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर कॉर्डोव्हा नावाचे मासेमारीचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,६०९. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. जायचे तर विमानाने किंवा फेरीबोटीने. तरीही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गळ्यात दुर्बिणी अडकवलेले पाहुणे या गावात उतरतात. पाहायचे काय, तर चिखलाचे अफाट मैदान आणि त्यावर येणारे चिमणीएवढे पक्षी. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वसंत ऋतूत असे पक्षी महोत्सव एकामागून एक भरतात. ही केवळ हौशी पक्षीनिरीक्षकांची सहल आहे, की किनाऱ्यावरचा चिखल वाचवण्याचे साधन? आणि साधन असेल, तर ते कितपत उपयोगी पडते? ठाणे खाडी आणि उरणच्या पाणथळींवरून वाद सुरू असताना महाराष्ट्रातही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

महोत्सवात नेमके काय होते?

कॉर्डोव्हाचा महोत्सव ‘कॉपर रिव्हर डेल्टा शोअरबर्ड फेस्टिव्हल’ या नावाने ओळखला जातो. व्याख्याने, मुलांसाठी कार्यशाळा, अभ्यासकांसोबत पक्षीनिरीक्षण असे त्याचे साधारण स्वरूप असते. मात्र मुख्य कार्यक्रमाची वेळ आयोजकांच्या हाती नसते. ती भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरते.

कारण सोपे आहे. ओहोटी लागली की चिखल मैलोन् मैल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरवर विखुरतात. काठावरून ते ठिपक्यांसारखेही दिसत नाहीत. भरतीचे पाणी चढू लागले की खाण्याची जागा आक्रसते आणि थवे काठाकडे ढकलले जातात. गावापासून काही किलोमीटरवरील हार्टनी बे या ठिकाणी पाहुणे याच वेळेची वाट पाहत उभे राहतात. एखादा बहिरी ससाणा झेपावला, तर हजारो पक्षी एकाच वेळी उठतात आणि सगळा थवा हवेत वळतो. पाठीचा तपकिरी आणि पोटाचा पांढरा रंग आळीपाळीने चमकतो. या दृश्यासाठी लोक हजारो किलोमीटर प्रवास करून येतात.

हे पक्षी कोण आणि ते कुठे निघालेले असतात?

चिखलात, उथळ पाण्यात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना इंग्रजीत ‘शोअरबर्ड’ किंवा ‘वेडर’ म्हणतात. आपल्याकडचे तुतवार, टिलवे, चिखल्या हे याच गोतावळ्यातले. कॉर्डोव्हात सर्वाधिक संख्येने येणारा पक्षी म्हणजे वेस्टर्न सँडपायपर. आपल्या छोट्या टिलव्याचा हा जवळचा नातेवाईक. वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम.

हा पक्षी हिवाळा कॅलिफोर्नियापासून दक्षिण अमेरिकेतील पेरूपर्यंतच्या किनाऱ्यांवर काढतो. वसंतात तो उत्तरेकडे निघतो आणि पश्चिम अलास्काच्या टुंड्रा प्रदेशात, तसेच थोड्या संख्येने रशियाच्या पूर्व टोकाला घरटी करतो. तेथील उन्हाळा अगदी छोटा असतो. बर्फ वितळून कीटक उपलब्ध होण्याच्या काळातच अंडी उबवून पिल्ले वाढवावी लागतात. पोहोचायला उशीर झाला, तर तो हंगाम वाया जातो.

या घाईचा अंदाज एका जुन्या अभ्यासातून येतो. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात काही वेस्टर्न सँडपायपरना रेडिओ ट्रान्समीटर लावण्यात आले आणि अलास्कापर्यंत त्यांचा माग काढण्यात आला. त्यांचा वेग सरासरी दिवसाला ४२० किलोमीटरच्या आसपास निघाला. वाटेत एका ठिकाणी मुक्काम काही दिवसांचाच होता.

सगळेच किनारी पक्षी असे टप्प्याटप्प्याने जात नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक तरुण पक्षी अलास्काहून निघून थेट ऑस्ट्रेलियातील टास्मानियात उतरला. ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर, तेही कुठेही न थांबता. वेस्टर्न सँडपायपरच्या अंगी एवढा साठा मावत नाही. त्याचा प्रवास म्हणजे लहान टाकीची गाडी घेऊन लांबचा पल्ला गाठण्यासारखा आहे. वाटेतले प्रत्येक इंधन केंद्र चालू असेल, तरच तो पूर्ण होतो.

चिखलात असे काय असते?

पक्ष्याचे इंधन म्हणजे चरबी. एक ग्रॅम चरबीतून पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. उडताना प्रत्येक ग्रॅम जड पडत असल्यामुळे हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. थांब्यावर उतरलेला पक्षी दोन-चार दिवसांत शक्य तेवढे खाऊन चरबी साठवतो आणि पुढे निघतो.

खाद्य पुरवतो तो चिखल. कॉपर नदी हिमनद्यांनी दळलेला बारीक गाळ वाहून आणते. तो साचून सुमारे सात लाख एकरांचा त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ही सर्वांत मोठी सलग पाणथळ मानली जाते. तिच्या चिखलात नखाएवढ्या शिंपल्या, कृमी आणि लहान कवचधारी जीव असतात. वसंतात येथे थांबणाऱ्या किनारी पक्ष्यांची संख्या काही वर्षी पन्नास लाखांपर्यंत गेल्याचे अंदाज आहेत. जगातील बहुतेक सर्व वेस्टर्न सँडपायपर या एका ठिकाणाहून पुढे जातात.

चिखलाच्या पृष्ठभागावर आणखी एक गोष्ट असते, जी डोळ्यांना जवळपास दिसत नाही. सूक्ष्म शैवाल, जीवाणू आणि त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ यांचा पातळ थर तेथे जमतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. नदीपात्रातील दगडावर पाय घसरतो तो अशाच थरामुळे. कॅनडातील फ्रेझर नदीच्या मुखाजवळ केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वेस्टर्न सँडपायपर हा थर जिभेने खरवडून खातो आणि त्याला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा त्यातून मिळते. त्याआधी पाठीचा कणा असलेला कोणताही मोठा प्राणी बायोफिल्मवर जगतो, असे कोणी गृहीत धरले नव्हते.

या शोधाने चिखलाचा दर्जाच बदलला. नुसता चिखल असून भागत नाही. गोडे-खारे पाणी ठरावीक प्रमाणात मिसळले, ऊन मिळाले आणि लाटांचा मारा कमी असला, तरच हा थर योग्य वेळी, योग्य गुणवत्तेचा तयार होतो. म्हणूनच ‘इथे भराव घालू, शेजारी तेवढाच नवा चिखल तयार करून देऊ’ हे गणित कागदावर जुळले, तरी पक्ष्याच्या पोटासाठी जुळेलच असे नाही.

महोत्सवांची साखळी कशी तयार झाली?

या महोत्सवांच्या तारखा ओळीने मांडल्या, तर स्थलांतराचा नकाशा तयार होतो. एप्रिलमध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील आर्काटा येथे ‘गॉडविट डेज’ भरतो. एप्रिलअखेरीस वॉशिंग्टन राज्यातील होक्वियम येथे ग्रेज हार्बरचा महोत्सव होतो. त्याच सुमारास कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावरील टोफिनो येथे आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अलास्कातील होमर व कॉर्डोव्हा येथे. होमरचा महोत्सव १९९३ पासून सुरू आहे. पक्षी जसजसे उत्तरेकडे सरकतात, तसतसा सोहळाही सरकतो.

यातील बहुतेक गावे लाकूडतोड किंवा मासेमारीवर वाढलेली आहेत. महानगरांशी त्यांचा संबंध थोडा. पक्ष्यांचा हंगाम मात्र त्यांच्या सोयीच्या वेळी येतो. कॉर्डोव्हात रावस मासेमारीसारखा मुख्य हंगाम म्हणजे कॉपर नदीतील सामन माशांचा, तो साधारण मेच्या मध्यावर उघडतो. उन्हाळी पर्यटकही नंतरच येतात. त्यामुळे एरवी रिकाम्या राहणाऱ्या खोल्या आणि खाणावळी मेच्या सुरुवातीला भरतात. एकाच आठवड्यात पाहुणे येणार हे आधीपासून ठाऊक असल्याने लहान गावाला तयारीही करता येते.

अमेरिकेत या छंदामागचे अर्थकारण मोठे आहे. तेथील मत्स्य व वन्यजीव सेवेच्या २०२२ च्या सर्वेक्षणानुसार १६ वर्षांवरील सुमारे ९ कोटी ६० लाख लोक या ना त्या प्रकारे पक्षी पाहतात. अर्थात यातील बहुतांश जण घराच्या अंगणात किंवा आसपासच पक्षी पाहणारे आहेत. दुर्गम गावापर्यंत जाणारे त्यातील थोडे. तरी दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाला थोडे पाहुणेही पुरतात.

तेलगळतीचा संदर्भ काय?

कॉर्डोव्हाला चिखलाची किंमत केवळ पर्यटनातून कळलेली नाही. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंड या जवळच्याच सागरी भागात खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले. पक्ष्यांचे मोठे थवे येण्यास तेव्हा महिनाभराचा अवधी होता. सागरी प्रवाहांनी तेल नैऋत्येकडे वाहून नेले. कॉपर नदीचे मुख दुसऱ्या दिशेला असल्यामुळे ते वाचले. प्रवाह उलटा असता, तर एका संपूर्ण प्रजातीच्या वाटेवर तेल पसरले असते.

मासेमार इतके सुदैवी ठरले नाहीत. गळतीनंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये, तेथील हेरिंग माशांचा साठा कोसळला. कोसळण्यात तेलाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, पण ती मासेमारी पूर्वपदावर आली नाही. १९९४ मध्ये ज्युरीने कंपनीला ५०० कोटी डॉलरचा दंडात्मक भरपाईचा आदेश दिला होता. अपिले होत होत २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम सुमारे ५० कोटी ७५ लाख डॉलरवर आणली. निकालाची वाट पाहण्यात मासेमारांच्या एका पिढीची उमेद गेली.

या पार्श्वभूमीवर येथे पक्षी वाचवणारे आणि मासे पकडणारे एकाच बाजूला आहेत, हे समजून घ्यावे लागते. सामनची पिल्ले आणि सँडपायपर दोघेही त्याच नदीमुखावर अवलंबून आहेत. अमेरिकी काँग्रेसने १९८० च्या कायद्यात या भागातील वनजमिनीचे व्यवस्थापन मासे आणि वन्यजीवांच्या संवर्धनाला प्राधान्य देऊन करावे, अशी तरतूद केली. म्हणजे महोत्सवाला पाठबळ आहे ते दोन गोष्टींचे : गावाच्या रोजीरोटीचे आणि कायद्याचे.

साखळीतील एक थांबा गेला तर?

याचे सर्वांत ठळक उदाहरण पॅसिफिकच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिण कोरियात आहे. सेमांगुम येथील दोन नद्यांच्या मुखावर २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत पूर्ण झाली आणि आतील सुमारे ४०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा भरती-ओहोटीशी संबंध तुटत गेला. ऑस्ट्रेलियाहून सायबेरियाकडे जाणाऱ्या ग्रेट नॉट या पक्ष्याचा हा मोठा थांबा होता. तेथील हजारो पक्षी शेजारच्या चिखलांवर जातील, अशी एक अपेक्षा होती. शेजारी संख्या तेवढी वाढली नाही. उलट ऑस्ट्रेलियातील हिवाळी मुक्कामी गणना घटल्या. पक्षी दुसरीकडे गेले नव्हते, ते कमी झाले होते. ग्रेट नॉट आज जागतिक स्तरावर ‘संकटग्रस्त’ गणला जातो.

व्यापक चित्रही चिंताजनक आहे. उत्तर अमेरिकेतील २८ किनारी पक्षी प्रजातींच्या दीर्घकालीन नोंदींचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २६ प्रजातींची संख्या घटत असल्याचे आढळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने म्हणजे ‘आययूसीएन’ने आपल्या लाल यादीत १६ किनारी पक्ष्यांची श्रेणी अधिक धोक्याकडे सरकवली. कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर हे दोन पक्षी आता ‘असुरक्षित’ गटात आहेत. हे दोन्ही हिवाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही येतात.

महोत्सवामुळे पक्षी वाचतात का?

थेट उत्तर द्यायचे तर नाही. महोत्सव अधिवासाला संरक्षण देत नाही. तो त्या जागेला ओळख देतो आणि तिच्यासाठी बोलणारी माणसे तयार करतो. याचा उपयोग कधी होतो आणि कधी अपुरा पडतो, हे दोन ठिकाणांच्या तुलनेतून कळते.

पहिले ठिकाण होक्वियमजवळचे बोवरमन बेसिन. ग्रेज हार्बर खाडीतील भरती-ओहोटीच्या क्षेत्रापैकी हा भाग जेमतेम दोन टक्के. मात्र भरतीचे पाणी येथे सर्वांत शेवटी चढते आणि सर्वांत आधी उतरते. पक्ष्यांना खायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे खाडीत थांबणाऱ्या किनारी पक्ष्यांपैकी अनेकदा निम्मे याच कोपऱ्यात असतात. एकेकाळी येथे भराव घालून बंदर व उद्योगासाठी जमीन तयार करण्याचा विचार होता. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तेथे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान मंजूर केले. आधी कायदा आला, महोत्सव रुजला तो नंतर. पुढे याच खाडीच्या काठावर रेल्वेने कच्चे तेल आणून जहाजात भरण्यासाठी टर्मिनल प्रस्तावित झाली. क्विनॉल्ट या मूलनिवासी राष्ट्राने आणि पर्यावरण संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकल्पांना सागरी संपदेविषयीचा राज्याचा कडक कायदा लागू होतो, असा निकाल दिला. ती तेल टर्मिनल उभी राहिली नाहीत. लढाई न्यायालयात जिंकली गेली. पण त्या खाडीत गमावण्यासारखे काय आहे, हे सांगण्याची गरज उरली नव्हती, कारण दरवर्षी वसंतात लोक ते पाहत होते.

दुसरे ठिकाण कॅनडातील रॉबर्ट्स बँक. बायोफिल्मचा शोध लागला तो याच फ्रेझर मुखाच्या परिसरात. येथे किती सँडपायपर थांबतात, काय खातात, कोणत्या दिवसांत खातात याची माहिती जगातील मोजक्याच ठिकाणांइतकी तपशीलवार उपलब्ध आहे. त्याच ठिकाणी व्हँकूव्हर बंदराच्या विस्तारासाठी वर्षाला २४ लाख कंटेनर हाताळू शकणारे नवे टर्मिनल प्रस्तावित झाले. पर्यावरणीय छाननीत शास्त्रज्ञांनी बायोफिल्मविषयी इशारे दिले. एप्रिल २०२३ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने ३७० अटी घालून प्रकल्पाला मान्यता दिली. व्यापाराची निकड आणि पुरवठा साखळीची क्षमता ही कारणे वजनदार ठरली.

दोन्ही ठिकाणी लोकांचे प्रेम होते, माहितीही होती. फरक पडला तो चिखलाला आधीच मिळालेल्या कायदेशीर दर्जामुळे आणि समोर उभ्या असलेल्या आर्थिक हिताच्या आकारामुळे. ‘पश्चिम गोलार्ध किनारी पक्षी राखीव जाळे’ ही १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेली यंत्रणा अशा थांब्यांना मानाची ओळख देते. वर्षाला किमान पाच लाख पक्षी येत असतील, तर ‘गोलार्धीय महत्त्व’ हा सर्वोच्च दर्जा मिळतो. मात्र हे जाळे स्वेच्छेचे आहे. ते कोणताही प्रकल्प रोखू शकत नाही.

महोत्सवांवरचे आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप गर्दीचा. चरबी साठवण्याच्या दिवसांत पक्ष्याला वारंवार उडावे लागले, तर मिळवलेली ऊर्जा खर्च होते आणि खाण्याचा वेळही जातो. जवळून छायाचित्र घेण्याच्या नादात चिखलात उतरणारी माणसे किंवा मोकळे सोडलेले कुत्रे हा खरा त्रास आहे. म्हणून ग्रेज हार्बरसारख्या ठिकाणी लाकडी पायवाट बांधून लोकांना एकाच मार्गावर ठेवले जाते.

दुसरा आक्षेप प्रवासाचा. पक्षी पाहण्यासाठी विमानाने दूरवर जाणे आणि तेथे हवामान बदलावर व्याख्यान ऐकणे यातील विसंगती नाकारता येत नाही. उत्तर ध्रुवाजवळचा भाग उर्वरित जगापेक्षा वेगाने तापत आहे. बर्फ लवकर वितळला, कीटक लवकर बाहेर आले आणि पक्षी मात्र जुन्याच वेळापत्रकाने पोहोचले, तर पिल्लांना अन्न कमी पडू शकते. यावर कोणत्याही गावाच्या महोत्सवाकडे उपाय नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका ठिकाणी सोहळा आणि दुसऱ्या ठिकाणी भराव, असे एकाच वेळी चालू शकते. महोत्सवाला शुभेच्छा देणे सोपे असते. जमिनीच्या आराखड्यात ‘चिखल’ तसाच राहू देणे अवघड असते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

वेस्टर्न सँडपायपर आपल्याकडे येत नाही. मात्र त्याच्यासारखेच जगणारे अनेक पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येथे येतात. एप्रिलमध्ये ठाणे खाडीच्या चिखलावर नजर टाकली, तर कर्ल्यू सँडपायपरची राखाडी पिसे विटकरी होताना दिसतात. सायबेरियाला निघण्याची ती तयारी असते. आपले लक्ष फ्लेमिंगोंच्या गुलाबी रंगाकडे असते आणि त्याच चिखलावर इंधन भरणाऱ्या या लहान पाखरांकडे बहुतेकांची पाठ असते.

ठाणे खाडीत २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टरचे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. २०२२ मध्ये खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलमैदानांना खारफुटीप्रमाणे सर्वांत संवेदनशील गटात धरले आहे. खाडीतील मुख्य चिखलाला म्हणजे कागदावर बऱ्यापैकी संरक्षण आहे.

अडचण भरतीच्या वेळी येते. चिखल पाण्याखाली गेला की पक्ष्यांना काही तास विसावण्यासाठी कोरडी किंवा अगदी उथळ जागा लागते. मुंबई महानगरात ही गरज मिठागरे, भांडुपजवळच्या मोकळ्या पाणथळी, नवी मुंबईतील नेरुळची तळी आणि उरणमधील पाणजे, भेंडखळसारखी ठिकाणे भागवतात. यातील अनेक जागांवर घरे, रस्ते किंवा औद्योगिक वापराचा दावा आहे. पाणथळींविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून मिठागरे वगळली आहेत. मुंबईतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. घरांची गरज खोटी नाही. पण जेवणाची जागा राखली आणि विश्रांतीची गेली, तर पक्ष्यासाठी तो थांबा अर्धाच उरतो.

गावाने पुढाकार घेतल्याचे उदाहरण महाराष्ट्राकडेही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवण्याचे काम सुरू केले आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचेच जेवतात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. पूर्वी अंडी चोरीला जात, आता ती राखण्यात गावाचे हित आहे. मुंबईत शिवडीच्या जेट्टीवर ‘बीएनएचएस’नेही फ्लेमिंगो महोत्सव भरवले आहेत. फरक एवढाच, की वेळासमध्ये किनारा आणि मिळकत दोन्ही गावाची आहेत. शिवडी, उरण किंवा नेरुळमध्ये चिखलाकाठी राहणारा कोळी, आगरी समाज आणि तेथील जमिनीविषयी निर्णय घेणारी कार्यालये यांत बरेच अंतर आहे.

यातून घेण्यासारखे काय?

कॉर्डोव्हाचा धडा असा, की ज्यांचे पोट खाडीवर चालते त्यांना सोबत घेतले, तर महोत्सवाला मुळे धरतात. रॉबर्ट्स बँकचा धडा असा, की कायदेशीर दर्जा आधी मिळाला नाही, तर उत्तम विज्ञान आणि उत्साही लोक असूनही निर्णय उलट जाऊ शकतो. आपल्याकडे भरतीच्या वेळच्या विश्रांतीच्या जागांची ठिकाणे आणि सीमा ठरवून त्या विकास आराखड्यात स्वतंत्रपणे दाखवणे, हे पहिले काम आहे. त्यासाठी नोंदी हव्यात. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. तीत हौशी निरीक्षकांना भाग घेता येतो. मे आणि ऑक्टोबरमधील दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो.

मेचा दुसरा शनिवार येईपर्यंत ठाणे खाडीतील बहुतेक टिलवे आणि तुतवार उत्तरेला निघून गेलेले असतात. ऑगस्टपासून ते परतू लागतील. या तीन-चार महिन्यांत काठावरच्या मोकळ्या जागांचे काय झाले, हे त्यांना पहिल्याच भरतीला कळेल.